पहिला गेम जिंकायचा, मॅच हरायची: साइडबोर्डमधला दोष कसा शोधावा

मॅजिक: द गॅदरिंगसारख्या कार्डगेमच्या स्थानिक स्पर्धेचे चार-पाच राउंड संपले की एक तक्रार हमखास कानावर येते: "पहिला गेम आरामात मारला यार, पुढचे दोन कसे गेले कळलंच नाही." पुढच्या स्पर्धेत पुन्हा तेच. मग तो खेळाडू घरी जाऊन साइडबोर्डमध्ये (पहिल्या गेमनंतर डेकशी अदलाबदल करायला बाजूला ठेवलेल्या राखीव कार्डांत) आणखी दोन जालीम कार्डं भरतो आणि महिनाभराने तक्रार वाढलेलीच असते.

नशीब यात असतं, पण पुन्हा पुन्हा तेच घडत असेल तर दोष बहुतेक वेळा एका ठरावीक जागी सापडतो. साइडबोर्ड बांधताना आपण "काय आत घालू" एवढंच ठरवतो. "काय बाहेर काढू" हा प्रश्न मात्र टेबलावर, घाईघाईत, पंधरा कार्डं हातात धरून सोडवतो. क्रम उलटा हवा. तो कसा, ते पुढे येईलच. आधी निदान करू.

उदाहरणं मॅजिक: द गॅदरिंगच्या मॉडर्न फॉरमॅटमधली (कोणती कार्डं चालतील हे ठरवणारा खेळप्रकार) घेतो आणि डेक बर्नचा, म्हणजे स्वस्त कार्डांनी थेट समोरच्याच्या लाइफवर मारा करून ते शून्यावर आणणारा. २०२१ आणि २०२४ च्या मॉडर्न होरायझन्स संचांनंतर बर्न वरच्या फळीतून बराच खाली आला आहे, हे मान्य. तरी साइडबोर्डिंग समजून घ्यायला मला त्याच्याइतका सोयीचा डेक दुसरा दिसत नाही, कारण त्याचा हिशेब अगदी उघडा आहे. नियम थोडक्यात: मेन डेक किमान ६० कार्डांचा, साइडबोर्ड जास्तीत जास्त १५ चा, आणि बेसिक लँड (कार्डं खेळायला लागणारी ऊर्जा, म्हणजे माना, देणारी साधी कार्डं) सोडल्या तर एका नावाची दोन्हीकडे मिळून ४ कार्डं. पहिला गेम नोंदवलेल्या मेन डेकनेच खेळायचा.

हा दोष एवढा महाग का पडतो

तीनपैकी दोन गेमच्या मॅचमध्ये साइडबोर्ड न वापरता खेळलेला गेम एकच असतो. मॅच दोन गेममध्ये संपली तर निम्मा खेळ साइडबोर्डनंतरचा, तीन झाले तर दोन तृतीयांश. सराव मात्र बहुतेक जण पहिल्या गेमचाच करतात.

आकडे मांडून बघा. पहिला गेम जिंकण्याची शक्यता ६० टक्के आणि नंतरचा प्रत्येक गेम ५० टक्के असेल, तर मॅच जिंकण्याची शक्यता ५५ टक्के निघते. आता अदलाबदल करा: पहिला गेम ५० टक्के, नंतरचे ६० टक्के. मॅचची शक्यता थेट ६० वर जाते. म्हणजे साइडबोर्डनंतरच्या खेळातले दहा टक्के पहिल्या गेममधल्या दहा टक्क्यांच्या दुप्पट मोलाचे आहेत. आणि वर सांगितलेली तक्रार करणाऱ्याचे आकडे बहुधा असे असतात: पहिला गेम ६० टक्के, नंतरचे ४० टक्के. त्याची मॅच जिंकण्याची शक्यता ४५ टक्क्यांच्याही किंचित खाली येते. पहिला गेम सतत जिंकणारा माणूस तोट्यात जातो तो असा.

दोष खरंच साइडबोर्डचा आहे का

हे तपासल्याशिवाय एकही कार्ड बदलू नका. पहिला गेम जिंकलात की दुसऱ्यात आधी खेळायचं की नंतर, हे समोरचा ठरवतो, कारण निवड हरलेल्याची असते. तो जवळपास नेहमीच आधी खेळणं पसंत करतो. म्हणजे तुमच्या दुसऱ्या गेममध्ये दोन गोष्टी एकदम बदलतात: दोघांचे डेक बदलतात आणि तुम्ही एक पाऊल मागून सुरुवात करता. बर्नसारख्या वेगवान डेकला हे एक पाऊल फार जड जातं. तुम्ही दुसरा गेम हरून तिसरा जिंकत असाल, तर साइडबोर्ड ठीक असण्याचीच शक्यता जास्त. आधी खेळूनही तिसरा जात असेल, तर मात्र पुढे वाचा.

नोंद ठेवा. मॅच संपल्यावर एका ओळीत लिहायचं: समोर कोणता डेक, कोणता गेम कोणी आधी सुरू केला, निकाल, आणि हरलेल्या गेमच्या शेवटी हातात कोणती कार्डं पडून राहिली. शेवटची नोंद सर्वांत मोलाची, आणि तीच कोणी ठेवत नाही. निकालांवर लवकर विसंबू नका. अगदी बरोबरीचा, ५० टक्क्यांचा खेळाडूसुद्धा २० गेममध्ये ८ किंवा त्याहून कमी जिंकेल, अशी शक्यता साधारण २५ टक्के आहे. चारातल्या एकाला वाटणार की आपलं काहीतरी भयंकर चुकतंय. निकाल खोटं बोलू शकतात, पण हातात पडून राहिलेली कार्डं सहसा बोलत नाहीत. हरलेल्या गेमनंतर हातात आपलीच साइडबोर्डमधली कार्डं पुन्हा पुन्हा दिसत असतील, तर पुढचा भाग तुमच्यासाठी आहे.

मुख्य कारण: डेक पातळ होणं

बर्नचा हिशेब असा. समोरच्याचे २० लाइफ. लाइटनिंग बोल्ट, लाव्हा स्पाइक, रिफ्ट बोल्ट या कार्डांचं प्रत्येकी नुकसान ३. म्हणजे सात कार्डं. मॉडर्नमध्ये समोरचा स्वतःच्या फेच आणि शॉक लँडमधून (या वापरताना लाइफ खर्च होतं) अनेकदा स्वतःचेच तीन लाइफ गमावतो, मग सहा कार्डांतही भागतं. आधी खेळताना चौथ्या टर्नपर्यंत तुम्ही १० कार्डं पाहता. ६० मध्ये २० लँड असतील तर त्या दहांत सरासरी तीन-साडेतीन लँड, उरलेली साडेसहाच्या आसपास कार्डं कामाची. डेक चौथ्या-पाचव्या टर्नला जिंकतो तो याच जोरावर. त्यात शिल्लक काही नाही.

आता साइडबोर्डमधून सहा अशी कार्डं आत आणा जी नुकसान करत नाहीत. रेस्ट इन पीस (ग्रेव्हयार्ड, म्हणजे वापरलेल्या कार्डांचा ढीग, रिकामा ठेवणारं), पाथ टू एक्झाइल (क्रीचर, म्हणजे हल्ला करणारं कार्ड, हटवणारं), काहीही. चाळीस कामाच्या कार्डांपैकी सहा बदलली, म्हणजे पाहिलेल्या साडेसहा कार्डांत सरासरी एक बदललेलं. तीन नुकसान गेलं. समोरचा तीन लाइफवर वाचला, आणि तुमच्या हातात रेस्ट इन पीसचं दुसरं कार्ड, जे आता काहीच करत नाही. "एक कार्ड कमी पडलं" असं म्हणत माणूस उठतो. ते कार्ड कमी पडलं नव्हतं, त्याने स्वतःच साइडबोर्डच्या डबीत ठेवलं होतं.

म्हणून बर्नसाठी माझी चाळणी कडक आहे. नुकसान न करणारं कार्ड आत यायचं तर एका प्रश्नाचं उत्तर "हो" हवं: समोरच्याचं अमुक कार्ड टेबलावर तसंच राहिलं तर मी जिंकूच शकत नाही का? कोर फायरवॉकर टेबलावर असेल तर उत्तर "हो". त्याला लाल रंगापासून संरक्षण आहे, तुमचं कुठलंही लाल कार्ड त्याला लागत नाही, आणि प्रत्येक लाल स्पेलला (खेळलेल्या कार्डाला) समोरच्याला लाइफ मिळतं. मग पाथ टू एक्झाइल आत येणं रास्त. समोर एखादा साधा मोठा क्रीचर आहे, एवढ्याने पाथ आत येत नाही. तो क्रीचर तुम्हाला मारायच्या आत समोरच्याला संपवणं हाच तुमचा मार्ग.

आणि मुळात कार्ड निवडतानाच असं निवडा की डेक पातळ होणार नाही. स्मॅश टू स्मिदरीन्स आर्टिफॅक्ट (यंत्र-वस्तूचं कार्ड) फोडतं आणि वर त्याच्या मालकाला ३ नुकसान करतं. म्हणजे ते बर्नचंच कार्ड, फक्त सोबत एक काम जास्तीचं. रोइलिंग व्होर्टेक्स दर अपकीपला (टर्नच्या सुरुवातीला) एकेक नुकसान करतं आणि गरज पडली तर एका लाल मानात समोरच्याचं लाइफ वाढणं त्या टर्नपुरतं थांबवतं. अशी कार्डं चार आत आली तरी डेक तोच राहतो. कागदावर त्यांच्याहून जालीम वाटणारी कार्डं असतात, पण जालीम असणं आणि आपल्या डेकमध्ये बसणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

बर्न नसलेल्यांनी हाच हिशेब आपापल्या डेकला लावावा. एल्व्ह्ससारखा डेक एकमेकांवर अवलंबून असलेल्या छोट्या क्रीचरांवर चालतो. त्यातले सहा काढले की उरलेलेही कमजोर होतात, म्हणजे तोटा सहाहून जास्त. कॉम्बो डेकमध्ये (ठरावीक कार्डं जुळवून एकदम जिंकणाऱ्या) कॉम्बो शोधणारी कार्डं काढून संरक्षणाची भरली तर हाती उरतं ते संरक्षण, आणि संरक्षण करायला मागे काहीच नसतं. उलट कंट्रोल डेकला (समोरच्याची कार्डं अडवत सावकाश जिंकणाऱ्या) खूप मोकळीक असते. त्याची कार्डं सुटी सुटी काम करतात, आठ-नऊ बदलली तरी सांगाडा हलत नाही. त्यामुळे कंट्रोल खेळणाऱ्या मित्राचा सल्ला ॲग्रो, म्हणजे वेगवान हल्ल्याचा डेक, खेळणाऱ्याने जपून घ्यावा. इंटरनेटवरचा "साइडबोर्डिंग कसं करावं" छापाचा बराचसा सल्ला मला कंट्रोलवाल्यांनी लिहिल्यासारखा वाटतो.

दुरुस्ती: बाहेर जाणाऱ्या कार्डांपासून सुरुवात

कागद घ्या. तुम्हाला खरोखर भेटणारे पाच-सहा डेक वर आडवे लिहा. डावीकडे उभे मेन डेकमधलं प्रत्येक कार्ड. साइडबोर्ड अजून विसरून जा. आता प्रत्येक डेकविरुद्ध एकेका कार्डाला विचारा: हे इथे काम करतं का? जे करत नाही त्यावर फुली.

बर्नमधलं सीअरिंग ब्लेझ घ्या. त्याला समोरच्याचा क्रीचर टार्गेट म्हणून लागतोच. क्रीचर नसलेल्या कंट्रोलविरुद्ध किंवा ट्रॉनविरुद्ध (ठरावीक लँड जुळवून महाग कार्डं लवकर खेळणारा डेक) चारही कार्डांवर फुली. म्हणजे ट्रॉनच्या रकान्यात चार जागा मोकळ्या. दुसऱ्या एखाद्या रकान्यात कदाचित दोनच, आणि एखाद्यात एकही नाही, कारण मेन डेक तिथे जसा आहे तसाच उत्तम.

हा मोकळ्या जागांचा आकडा म्हणजे त्या मॅचअपसाठी (त्या डेकशी होणाऱ्या सामन्यासाठी) तुमच्या साइडबोर्डची कमाल मर्यादा. ट्रॉनविरुद्ध चार जागा आहेत आणि साइडबोर्डमध्ये ट्रॉनसाठी सात कार्डं ठेवली आहेत, तर त्यातली तीन फुकट गेली. ती सातही आत आणायच्या हट्टापायी तुम्ही तीन चांगली कार्डं बाहेर काढणार, आणि तिथेच डेक पातळ होणार. एखादी मॅचअप कितीही नकोशी वाटत असली तरी तिच्यासाठी फुल्यांपेक्षा जास्त कार्डं ठेवू नका. दुसरीकडे सहा फुल्या आहेत आणि आत यायला दोनच कार्डं आहेत, तर चार डेड (निरुपयोगी) कार्डं घेऊन तुम्ही उरलेली मॅच खेळताय. हा दोष जास्तीच्या साइडबोर्डिंगइतकाच वाईट, फक्त तो लपून राहतो.

सगळे रकाने भरले की मगच पंधरा कार्डं निवडायची. एकाच रकान्यात बसणारं कार्ड आणि तीन रकान्यांत बसणारं कार्ड यांत शंका आली तर तीन रकान्यांचं घ्या, मग ते प्रत्येक ठिकाणी थोडं मवाळ असलं तरी. अपवाद एकच: ती एक मॅचअप तुमच्या गावात अर्ध्या टेबलांवर असेल तर.

यावरून एक गोष्ट. परदेशातल्या मोठ्या स्पर्धेच्या विजेत्याची यादी साइडबोर्डसकट उतरवायची सवय आपल्याकडे फार आहे. मेन डेक उतरवा, खुशाल. साइडबोर्ड नको. तो शेकडो अनोळखी खेळाडूंच्या गर्दीसाठी, त्या एका शनिवार-रविवारच्या अंदाजावर बांधलेला असतो. पुण्या-मुंबईतल्या दुकानात तेच तेच दहा-पंधरा चेहरे असतात आणि कोण काय खेळतो हे सगळ्यांना माहीत असतं. ही माहिती विजेत्याकडे नव्हती, तुमच्याकडे आहे.

समोरचाही डेक बदलतो

दुसरं मोठं कारण. आपण पहिल्या गेममध्ये पाहिलेल्या डेकविरुद्ध साइडबोर्ड करतो. दुसऱ्या गेममध्ये तो डेक समोर नसतो.

याचं उत्तम जुनं उदाहरण स्प्लिंटर ट्विनचं. डिसीव्हर एक्झार्क किंवा पेस्टरमाइट या क्रीचरवर स्प्लिंटर ट्विन हे कार्ड लावायचं आणि एकाच टर्नमध्ये हव्या तितक्या प्रती काढून जिंकायचं, हा कॉम्बो. पहिला गेम त्याने हरलेला माणूस घाबरून कॉम्बो तोडणारी सगळी कार्डं आत आणायचा आणि त्यासाठी आपले हल्ला करणारे क्रीचर बाहेर काढायचा. मुरलेला ट्विन खेळाडू नेमकं तेव्हाच कॉम्बोची बरीचशी कार्डं बाहेर काढून साधा निळा-लाल कंट्रोल बनायचा, कधी केरॅनोससारखं सावकाश जिंकवणारं कार्ड आत आणून. समोरच्याच्या हातात कॉम्बोवरची उत्तरं, आणि कॉम्बो आहे की नाही याचा पत्ता नाही. उत्तरं पूर्ण काढूनही चालत नसे, कारण एखादं ट्विन आत राहिलेलं असायचंच. मॉडर्नमध्ये हे कार्ड जानेवारी २०१६ मध्ये बंद झालं आणि डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा खुलं झालं, तेव्हा हा डावपेच नुसता इतिहास म्हणून सोडून देऊ नका.

रोजचं उदाहरण ग्रेव्हयार्डवर चालणाऱ्या डेकांचं. तुम्ही रेस्ट इन पीस आणणार हे ड्रेज (असाच एक डेक) खेळणाऱ्याला पक्कं माहीत असतं, म्हणून तो नेचर्स क्लेमसारखं काहीतरी आणतो. एका हिरव्या मानात तुमचं रेस्ट इन पीस फुटतं. यावर उपाय चार रेस्ट इन पीस हा नव्हे. दोन वेगळ्या प्रकारची उत्तरं ठेवा: एक एन्चँटमेंट (रेस्ट इन पीससारखं टेबलावर राहून परिणाम करणारं कार्ड), दुसरं असं की जे एन्चँटमेंट फोडणाऱ्या कार्डाने थांबत नाही. समोरच्याचं एक उत्तर मग तुमच्या दोन्हींना पुरत नाही.

आणखी एक, क्रीचर नसलेल्या डेकविरुद्ध सगळी रिमूव्हल (क्रीचर मारणारी कार्डं) बाहेर काढण्याचं. कंट्रोल खेळणाऱ्यांना ठाऊक असतं की तुम्ही तसं करणार, म्हणून काही जण दुसऱ्या गेमला मुद्दाम क्रीचर आत आणतात. एखाददुसरं स्वस्त रिमूव्हल आत ठेवणं वाया जात नाही. बर्नला हा त्रास कमी, त्याची बहुतेक रिमूव्हल थेट चेहऱ्यावरही मारता येते. बर्न मला आवडण्याचं हेही एक कारण.

तेव्हा प्रत्येक रकान्यात आपल्या डेकसोबत एक ओळ समोरच्याचीही लिहा: "हा माझ्याविरुद्ध काय आणेल, काय काढेल?" उत्तर येत नसेल तर तो डेक एकदा स्वतः उधार घेऊन खेळा. अर्ध्या तासात जे कळतं ते लेख वाचून कळत नाही.

अडवलं, पण मारलं नाही

ट्रॉनविरुद्ध ब्लड मून. अर्झाच्या तीन लँड एकत्र आल्या की ७ माना देतात, तेही तिसऱ्या टर्नला, आणि कार्न लिबरेटेड हे सात मानांचं जबर कार्ड टेबलावर येतं. ब्लड मून पडला की त्या तिन्ही नुसत्या माउंटन (एकेक लाल माना देणाऱ्या लँड) होतात. छान वाटतं. पण ट्रॉनची मोठी कार्डं बिनरंगाची आहेत. सात माउंटनांतूनही कार्न येतोच. तो तिसऱ्याऐवजी सातव्या टर्नला येतो, एवढंच. म्हणजे ब्लड मूनने तुम्हाला विकत घेऊन दिले चार टर्न. त्या चार टर्नमध्ये हल्ला करायला टेबलावर काही नसेल तर ते फुकट गेले. हल्ला करणारी कार्डं काढून त्या जागी अडथळ्याची भरली, की पराभव फक्त उशिरा येतो. अशा हरण्यात पश्चात्ताप जास्त असतो, कारण बराच वेळ आपणच जिंकतोय असं वाटत असतं.

लेलाइन ऑफ द व्हॉइड या ग्रेव्हयार्डविरोधी कार्डाचं गणित वेगळं. ते सुरुवातीच्या हातात असेल तर फुकट टेबलावर येतं. नाहीतर त्याला चार माना लागतात आणि तोवर ग्रेव्हयार्ड डेकचं काम झालेलं असतं. चार प्रती ठेवल्या तर पहिल्या सात कार्डांत निदान एक असण्याची शक्यता ४० टक्के. २०१९ मध्ये आलेल्या लंडन मलिगनमुळे (मलिगन म्हणजे सुरुवातीचा हात टाकून नवा घेणं) प्रत्येक वेळी पुन्हा सात कार्डं पाहायला मिळतात, त्यामुळे एक मलिगन घ्यायची तयारी असेल तर ६४ टक्के, दोन घ्यायची असेल तर ७८ टक्के. मलिगन घ्यायची हिंमत नसेल तर लेलाइन घेऊच नका. आणि दोन प्रती तर अजिबात नकोत. सात कार्डांत ती दिसण्याची शक्यता फक्त २२ टक्के, आणि नंतर आली की हातात पडून राहते.

इतर कार्डांच्या प्रती ठरवतानाही हाच हिशेब. तिसऱ्या टर्नपर्यंत, आधी खेळत असाल तर नऊ कार्डं पाहता: दोन प्रतींतली एक दिसण्याची शक्यता २८ टक्के, तीन प्रतींसाठी ३९, चारांसाठी ४९. ज्या कार्डाशिवाय मॅचअप हरणारच, त्याच्या दोन प्रती ठेवून समाधान मानणं म्हणजे चारातल्या तीन वेळा ते कार्ड नसल्यासारखंच.

सर्जिकल एक्स्ट्रॅक्शनबद्दल (समोरच्याच्या ग्रेव्हयार्डमधलं एक कार्ड सगळ्या प्रतींसकट काढून टाकणारं कार्ड) एक तिरकं मत नोंदवून ठेवतो. साइडबोर्डमधून सर्वांत जास्त वेळा चुकीच्या ठिकाणी आत येणारं कार्ड हेच असावं. माना लागत नाही, समोरच्याचा डेक उलगडून बघायला मिळतो, खेळायला मजा येते. पण समोरच्याचं टेबल जसंच्या तसं राहतं आणि तुमचं एक कार्ड खर्च होतं. ग्रेव्हयार्ड थोडाफार वापरणाऱ्या कुठल्याही डेकविरुद्ध ते आणायचा मोह आवरा.

आधी आणि नंतर: दोन रकाने

प्रत्येक मॅचअपसाठी दोन योजना लागतात, आधी खेळतानाची आणि नंतर खेळतानाची. आयडोलॉन ऑफ द ग्रेट रेव्हल तीन किंवा कमी किमतीच्या प्रत्येक स्पेलला स्पेल खेळणाऱ्याचं २ नुकसान करतो, तुमचंसुद्धा. आधी खेळताना दुसऱ्या टर्नला तो भयंकर असतो. नंतर खेळताना, वेगवान डेकसमोर, समोरच्याची स्वस्त कार्डं आधीच टेबलावर आलेली असतात आणि आयडोलॉन तुम्हालाच चावत बसतो. नंतर खेळत असाल तर त्याला बाहेर पाठवा. गॉब्लिन गाइड हा हल्ल्याचा क्रीचरही नंतर खेळताना मंदावतो, कारण समोर ब्लॉकर (हल्ला अडवणारा क्रीचर) उभा असतो. याउलट महाग, सावकाश कार्डं नंतर खेळताना थोडी परवडतात, कारण एक कार्ड जास्तीचं मिळालेलं असतं.

टेबलावरच्या चुका

योजना चांगली असूनही इथे मॅच जातात.

पाठांतर करू नका. दोन गेमच्या मधल्या वेळात स्वतः लिहून आणलेला छोटा कागद बघायला नियमांची परवानगी आहे. एक-दोन पानं चालतात, वही नाही, आणि पुढचा गेम सुरू होण्याआधी कागद टेबलावरून हटवायचा. समोरच्याला दाखवायची सक्ती नाही. एवढी सोय असताना लोक ती वापरत का नाहीत, मला समजत नाही. बहुधा लाज वाटते.

किती कार्डं बदलली हे समोरच्याला कळू देऊ नका. सगळी पंधरा मेन डेकमध्ये मिसळा आणि मग पंधरा बाहेर काढा. एकही बदलायचं नसलं तरी हेच करा. शेवटी डबीतली पंधरा मोजा. २०१३ च्या जुलैपर्यंत जितकी आत तितकीच बाहेर अशी सक्ती होती. आता मेन डेक ६० च्या वर गेला तरी चालतो, त्यामुळे एखादं कार्ड काढायचं राहून जाणं पूर्वीपेक्षा सोपं झालं आहे. मोजणं हाच त्यावर उपाय. मॅच संपली की लगेच, स्कोअर सांगायला उठायच्या आधी, डेक मूळ रूपात आणा. पुढच्या राउंडचा पहिला गेम साइडबोर्ड केलेल्या डेकने सुरू केलात तर जज बोलवावा लागतो, आणि काटेकोर पातळीच्या स्पर्धेत शिक्षा गेम गमावण्यापर्यंत जाऊ शकते.

स्लीव्हबद्दल (कार्डांच्या प्लॅस्टिक आवरणांबद्दल) फार कमी लोक विचार करतात. मेन डेकच्या स्लीव्ह रोज फेटल्या जाऊन मळतात, साइडबोर्डच्या कोऱ्या राहतात. दुसऱ्या गेमला ती कोरी कार्डं डेकमध्ये उठून दिसतात आणि तुमच्यावर खुणेच्या कार्डांचा ठपका येऊ शकतो. पंच्याहत्तरच्या पंच्याहत्तर स्लीव्ह एकदम बदला. साइडबोर्डमध्ये एखाददुसरं फॉइल (चकचकीत छपाईचं कार्ड) असेल तर जास्त सावध राहा. मुंबई-कोकणच्या पावसाळी हवेत फॉइल वाकतं, आणि साध्या कार्डांच्या गठ्ठ्यात ते वाकलेलं एकटं कार्ड कट करताना बोटालाही कळतं.

मॅजिकऐवजी वेगळा खेळ खेळत असाल तर

यू-गी-ओमध्ये साइड डेक १५ कार्डांपर्यंतचा, पण तिथे अदलाबदल एकास एकच. डेकमधल्या कार्डांची संख्या बदलता येत नाही. त्यामुळे बाहेर जाणाऱ्या कार्डांपासून सुरुवात करणं तिथे आणखी आवश्यक. आधी-नंतरचा फरकही मॅजिकपेक्षा तीव्र: डार्क रूलर नो मोर किंवा इव्हनली मॅच्ड ही समोरचं तयार टेबल मोडायची कार्डं आहेत, आधी खेळताना त्यांचा उपयोग जवळपास शून्य. पोकेमॉनमध्ये साइडबोर्डच नाही, तिन्ही गेम त्याच ६० कार्डांनी खेळायचे. तिथे हेच गणित मेन डेकमधल्या एकेका कार्डाला लावावं लागतं.

सराव कसा करायचा

मित्राबरोबर बसा आणि पहिला गेम खेळूच नका. दोघांनीही साइडबोर्ड करूनच सुरुवात करा, आणि मित्राला त्याची खरी पंधरा कार्डं वापरू द्या, तुम्हाला सोयीची नव्हे. निम्मे गेम तुम्ही आधी, निम्मे त्याने आधी. प्रत्येक गेमनंतर हातात पडून राहिलेलं कार्ड लिहा. तेच नाव तिसऱ्यांदा आलं की ते त्या रकान्यातून खोडा आणि त्याच्या जागी आत आणण्याजोगं काही नसेल, तर मेन डेकमधलं मूळ कार्ड तिथे परत ठेवा. दोन तास एका मॅचअपला द्या. पुढच्या आठवड्यात दुसरी मॅचअप घ्या, आणि तुम्हाला सर्वांत सोपी वाटणारी आधी घ्या, कारण गरज नसताना सर्वांत जास्त कार्डं आपण तिथेच बदलतो.